पिकअप मिळत नाहीये!

सर्व नातेवाईक, शेजारी, हितचिंतक आणि विशेषतः माझे आजी-माजी विद्यार्थी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मोटारीचा अॅक्सिलरेटर पायाने दाबायचा असतो. त्याच्याखाली डोके घालायचे नसते. एवढी साधी गोष्ट समजायला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. व्हावे लागत नाही. मी झालेली आहे.

चिखलीच्या ज्युनिअर कॉलेजात मी मुलांना विद्युतधारा शिकवते. (मुलांपर्यंत ती पोहोचते की नाही, हा प्रश्न वेगळा. मी सोडते!) त्यामुळे घरात मिक्सर बंद पडला, इस्त्री रुसली, दाराची बेल आपोआप वाजू लागली, की माझ्या पर्समधून मल्टिमीटर बाहेर येतो. इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो. माझ्याही असतो, पण मीटरच्या वायरींत गुंतलेला.

आता मूळ प्रकरणाकडे येते. माझा धाकटा भाऊ सिद्धार्थ गुरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. स्वभावाने सोने, पण लग्न काही जमत नव्हते. मुलीकडचे येत, चहा घेत, नाकाला रुमाल लावत आणि 'कळवतो' म्हणून जात. शेवटी मेहकरची करुणा भेटली. तिने पाहण्याच्या कार्यक्रमात त्याला एकच प्रश्न विचारला, "तुम्हाले राग येते का?" सिद्धू म्हणाला, "म्हशीनं लाथ मारली तरी येत नाही." झाले, जमले! आईने त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले.

अडचण एकच. करुणाचे आबाजी.

आबाजी म्हणजे करुणाचे आजोबा. सगळी हयात एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. निवृत्त झाले, पण घड्याळ निवृत्त झाले नाही. घरात शब्द त्यांचाच. साक्षगंधाचा, म्हणजे आमच्याकडच्या साखरपुड्याचा, दिवस ठरवताना ते मला फोनवर म्हणाले होते, "अकरा वाजता. अकरा म्हंजे अकरा. मांगं एक सोयरीक आली होती, थे लोकं साडेबाराले आले. म्या चहा पाजला अन् वापस धाडून देलं."

"बाप रे!" मी म्हणाले.

"चिखलीहून सकाळची एसटी हाय. थे पकडा."

इथे मी माझ्या भावाच्या संसाराच्या मुळावर पहिला घाव घातला. म्हणाले, "छे छे, आबाजी, आम्ही स्वतःच्या गाडीने येऊ ना!"

(बोलताना मी प्रमाण मराठी वापरले, हे ध्यानात घ्या. नव्या सोयऱ्यांसमोर मी वऱ्हाडी बोलत नाही. मॅडम आहे ना मी!)

गाडीची तब्येत आठवडाभर बरी नव्हती. चालता चालता तिचा दम जायचा, समोर पिवळा दिवा लागायचा, मग ती बैलगाडीच्या चालीने चालायची. मेकॅनिकने मशीन लावून सांगितले, "मॅडम, पेडलच्या सेन्सरचं काहीतरी दाखवून राह्यलं. सोमवारी आणा." साक्षगंध रविवारी!

हा सेन्सर म्हणजे काय, ते सांगते. हल्ली अॅक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तार जात नाही. तुम्ही पेडल किती दाबले, याची चहाडी एक सेन्सर गाडीतल्या कॉम्प्युटरकडे करतो, व्होल्टेजच्या भाषेत. शिवाय चहाडखोर एक नसतो, दोन असतात. एक पूर्ण सांगतो, दुसरा त्याच्या निम्मे. दोघांचे जुळले तर ठीक. नाही जुळले, तर कॉम्प्युटर सासूसारखा दोघांवरचाही विश्वास काढून घेतो आणि गाडी हळू करतो. मी इंटरनेटवर एक व्हिडिओ पाहिला आणि माझ्या लक्षात आले की, हे तर मल्टिमीटरने कोणालाही तपासता येईल! 'कोणालाही' या शब्दात मी स्वतःला धरले, ही दुसरी चूक.

रविवारी सकाळी आम्ही चौघे निघालो. आमचे हे गाडी चालवत होते. (हे हायस्कुलात मराठी शिकवतात. कमी बोलतात, पण बोलतात ते शुद्ध.) शेजारी नव्या शर्टातला सिद्धू, मागे आई आणि मी. आईच्या मांडीवर मिठाईचे खोके, माझ्या मांडीवर करुणाची साडी आणि अंगठी. आमच्या बौद्ध पद्धतीच्या कार्यक्रमाला साजेशी म्हणून मी पांढरीशुभ्र साडी नेसले होते, कडक इस्त्रीची.

लव्हाळा गावाच्या अलीकडे गाडीचा दम गेला. पिवळा दिवा लागला. मागून आलेला ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. ट्रॅक्टरवाल्याने तर हात हलवून निरोपही घेतला.

हे म्हणाले, "काही हरकत नाही. अशीच हळूहळू नेतो. वेळेत पोहोचू."

आई म्हणाली, "हाव, जवाई. चालून राह्यली न, चालू द्या."

सिद्धू म्हणाला, "बंद करून चालू करून पाहा न, भाऊजी. परवा तसंच झालं अन् मंग चांगली चालली."

तीन माणसे, तीन शहाणपणाचे सल्ले. मी म्हणाले, "गाडी बाजूला घ्या!"

कडुनिंबाखाली गाडी थांबली. मी पर्समधून मल्टिमीटर काढला. आईने कपाळाला हात लावला. "हे काऊन आणलं वं इथं? साक्षगंधाले कोणी मीटर नेते का?"

"आई, पाच मिनिटांचं काम आहे. विज्ञान आहे हे!"

सेन्सरचा प्लग पेडलच्या वर, आत खोल असतो. तिथे जायला एकच मार्ग. मी ड्रायव्हरच्या बाजूने उताणी होऊन आत शिरले. डोके पेडलखाली, कंबर दाराच्या चौकटीवर, पाय हमरस्त्यावर! सिद्धूने शाल पसरून माझ्या पायांपुढे पडदा धरला. (ती शाल आबाजींच्या सत्कारासाठी आणलेली होती.) हे दुसऱ्या बाजूने आत वाकले आणि हाताने पेडल दाबायला सज्ज झाले. मीटर पाहायचे काम आईकडे.

चावी फिरवली, इंजिन बंद ठेवले. काळी वायर एका लोखंडी बोल्टला लावली. लाल वायर लावायला प्लगच्या मागून बारीक पिन खुपसावी लागते. पिन? माझ्या पदराला होती की! काढली. पदर सुटला आणि थेट पेडलच्या ग्रीसवर जाऊन विसावला. विज्ञानासाठी लोकांनी यापेक्षा मोठे त्याग केले आहेत, असे मनाशी म्हणून मी पिन खुपसली.

"आई, सांग! काय दिसतं?"

"थांब, उजेड पडते त्याच्यावर... हां. अठरा."

"किती?"

"अठरा. मंग टिंब. मंग शून्य."

मी हादरले. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, सेन्सरला मिळतात फक्त पाच आणि बाहेर येतात अठरा?

"टिंब नीट कुठे आहे, आई?"

"वरतं हाय."

"टिंब वर कसं असेल?"

"मले काय माईत! जे दिसते थेच सांगून राह्यली मी. वरतं हाय."

पलीकडून ह्यांचा शांत आवाज आला, "मराठीत टिंब वरच असतं. अनुस्वार म्हणतात त्याला."

"अहो, तुम्ही पेडल दाबा! थोडंसं!"

"आता अठरा, टिंब, एक," आई म्हणाली.

"अजून दाबा!"

"अठरा, टिंब, दोन."

तेवढ्यात मोठा हॉर्न वाजला. धुरळा उडाला. सिद्धू ओरडला, "ताई! मेहकरची एसटी! थांबली! थांबली आपल्यासाठी!"

खरेच थांबली होती. आबाजींनी सांगितलेली एसटी त्या दिवशी उशिरा सुटल्यामुळे आमच्या मागून आली होती! देव न मानणाऱ्या माणसालाही देव पावावा असा प्रसंग. अख्खी बस खिडकीत आली असावी, कारण वेगवेगळ्या वयांचे आवाज ऐकू येत होते.

"काय झालं हो? अॅक्सिडंट?"

"बाई अडकली वाटते."

"पाय हालून राह्यले, जित्ती हाय."

कंडक्टर म्हणाला, "येता का मेहकरले? जागा हाय!"

आई म्हणाली, "हाव, येतो!" हे म्हणाले, "चला!" सिद्धूने शाल खाली सोडली.

आणि मी पेडलखालून गर्जले, "कोणीही हलायचं नाही! रीडिंग चालू आहे!"

माझ्या वर्गात या आवाजाला पोरे घाबरतात. बसही घाबरली. कंडक्टरने बेल मारली, एसटी गेली.

"आता पूर्ण दाबा!" मी म्हणाले.

ह्यांनी पेडल पूर्ण दाबले.

"आई, बोल ना!"

"अठरा... टिंब... अन् इंग्रजी ई आला वं, माय. नातीच्या पुस्तकातला. हत्तीचा ई."

ई! ई म्हणजे एरर! अठरा व्होल्ट आणि एरर! माझ्या डोळ्यांपुढे पेटलेली गाडी उभी राहिली. मी ओरडले, "बाहेर पडा! सगळे गाडीपासून लांब व्हा!" आणि स्वतः जी उसळून निघाले, ती डोके स्टिअरिंगला आपटून, चपला आत सोडून थेट कडुनिंबापाशी! हातात पिन होती. पिनेबरोबर सेन्सरची तुटलेली वायर होती. वायर मात्र प्लगमध्ये राहिलेली नव्हती.

कडुनिंबाखाली आम्ही चौघे गाडीकडे पाहत उभे राहिलो. ती काही पेटेना. एक कुत्रे येऊन तिच्या सावलीत झोपले.

सिद्धूने आईच्या हातातला मीटर घेतला, पाहिला, आणि गाईच्या कानात बोलावे अशा हळू आवाजात म्हणाला, "ताई, आईनं हे उलटं धरलं होतं."

"मंग?" आई कडाडली. "वायरा खालच्या अंगानं निघतात न? तू इकडं आत घुसलेली. सुल्टं धरलं असतं तं वायरीले पीळ नसता पडला?"

मी मीटर फिरवला. अठरा टिंब शून्य म्हणजे शून्य पॉइंट एक्क्याऐंशी. मग एक पॉइंट एक्क्याऐंशी, दोन पॉइंट एक्क्याऐंशी आणि हत्तीचा ई म्हणजे उलटा तीन. आकडे पायऱ्या चढल्यासारखे नीट चढत गेले होते. सेन्सर ठणठणीत होता! (प्लग थोडा सैल होता, हे नंतर गॅरेजमध्ये कळले. बोटाने दाबला असता तरी भागले असते.) मी सेन्सर बिघडलेला नाही हे सिद्ध केले होते आणि ते सिद्ध करताना तो बिघडवला होता.

आता पेडल कितीही दाबा, इंजिन नुसते जागच्या जागी गुरगुरत होते. एसटी गेलेली. अकराला फार अवधी नव्हता. सिद्धूने नव्या शर्टाची बाही खाली ओढली आणि रस्त्याकडे पाहत राहिला. म्हशीच्या लाथेवर न रागावणारा माणूस! तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

आणि फोन वाजला. आबाजी!

"जय भीम. कुठंसा आल्या?"

इथे मी सरळ म्हणायला हवे होते, "आबाजी, गाडी दम धरून नाही राह्यली." पण सोयऱ्यांशी प्रमाण मराठी! मी घसा साफ केला आणि म्हणाले, "जय भीम, आबाजी. लव्हाळ्याजवळ आहोत. थोडी अडचण झाली. पिकअप मिळत नाहीये."

"काय नाही मिळून राह्यलं?"

"पिकअप! पिकअप अजिबात मिळत नाहीये!"

मग एकदम बदललेला, आदबीचा आवाज. "अस्सं? एवढं हाय काय? पहिले नाही सांगतलं? थांबा तिथंच, व्यवस्था करतो." फोन बंद!

मी सगळ्यांना विजयी मुद्रेने सांगितले, "ते व्यवस्था करतायत. मेकॅनिक पाठवत असतील."

थोड्याच वेळात, समोरून, धुळीचा लोट उडवत जे आले ते मेकॅनिकचे वाहन नव्हते. तो होता माल वाहायचा पिकअप! मागे मोकळा हौदा, त्यात पेंढा आणि बकऱ्यांच्या लेंड्या. नुकताच कुठल्याशा बाजारात बकऱ्या उतरवून आलेला. ड्रायव्हर खाली उतरला आणि इकडेतिकडे पाहू लागला.

"मॅडम, सामान कुठाय?"

"कसलं सामान?"

"आबाजीचा फोन आला. म्हणे पोराकडचे एवढं सामान घेऊन येऊन राह्यले का त्याहीले पिकअप भेटून नाही राह्यली. दोर आणला म्या. ताडपत्रीबी आणली."

आई रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. ह्यांनी मला शांतपणे समजावले, "एका शब्दाचे दोन अर्थ. याला श्लेष म्हणतात."

दुसरा इलाज नव्हता. मिठाईचे खोके घेऊन आई ड्रायव्हरशेजारी बसली. आम्ही तिघे मागे हौद्यात. बसायला जागा होती, पण कशावर बसायचे याविषयी मतभेद होते. सिद्धू पेंढ्यावर आरामात टेकला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडे सुख दिसले. "घरच्यासारखा वास हाय," तो म्हणाला. ड्रायव्हरने सवयीने दोर बांधला आणि मला विचारले, "ताडपत्री टाकू का, मॅडम? लोकं पाहतीन."

मेहकरात काय चालले होते, ते मला नंतर कळले. पोराकडचे पिकअप भरून सामान आणतायत, ही बातमी गल्लीभर झाली होती. करुणाच्या काकूने पुढची खोली रिकामी करून घेतली. शेजारणींत फ्रिज की कपाट यावर पैजा लागल्या. दोन धट्टीकट्टी पोरे बाह्या सरसावून मांडवापाशी उभी.

पिकअप उलटा घेत घेत मांडवापर्यंत आला. "येऊ द्या, येऊ द्या... बस्स!" करून पोरांनी मागचा फाळका धाडकन पाडला.

आत मी. पांढऱ्या साडीवर ग्रीसचा नकाशा, केसांत पेंढा, कपाळावर स्टिअरिंगने आणलेले टेंगूळ, उजव्या हातात मल्टिमीटर.

पोरांनी माझ्या मागे डोकावून पाहिले. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "एवढंच?"

आबाजी पुढे आले. त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, मग मांडवामागच्या भिंतीवरचे पाहिले, दोन्ही जुळल्याची खात्री करून घेतली.

"साडेअकरा वाजून गेले," ते म्हणाले. "आजची फेरी रद्द. बसा, चहा घ्या."

चहा! सिद्धूचा चेहरा उतरला. दाराआड करुणाची साडी दिसत होती, ती जागच्या जागी थांबली. मी तोंड उघडणार एवढ्यात आईने मला कोपराने मागे ढकलले.

"भाऊ, एक इचारू का? तुमची एसटी वाटंत बिघडली, तं लोकाईले घरी वापस धाडता का दुसऱ्या गाडीत बसवता?"

"दुसऱ्या गाडीत बसवतो. म्हंजे बसवत होतो."

"मंग आम्हाले दुसऱ्या गाडीत कोणं बसवलं? पिकअप कोणं धाडली?"

आबाजींनी मिशीवरून हात फिरवला. "धाडली म्याच."

"मंग फेरी रद्द कशी? फेरी तं तुम्हीच पुरी केली!"

आबाजींनी पुन्हा एकदा घड्याळ पाहिले. "त्रिशरण होऊ द्या," अखेर म्हणाले. "पुढचं मंग पाहू."

करुणा आणि सिद्धू शेजारी शेजारी बसले. त्रिशरण, पंचशील झाले. विधी लावणाऱ्या आचार्यांनी दोघांमध्ये माईक धरला आणि आबाजींकडे पाहिले. अंगठी घालायची की नाही, हे आता आबाजींनी सांगायचे. आबाजी घड्याळाकडे पाहत होते. सगळा मांडव आबाजींकडे. आणि तेवढ्यात माईक बंद पडला! आचार्यांनी तो हलवला, टिचकी मारली, फुंकर मारली. काही नाही.

मी काय करणार? सवय! माझा हात आपोआप मल्टिमीटरकडे गेला. मी उठले. वायरी सोडवत, "एक मिनिट, मी बघते," म्हणत माईककडे निघाले. ह्यांनी माझा पदर ओढला, पण त्याला पिन कुठे होती! सिद्धूने डोळे मिटले.

तेव्हा, सकाळपासून एक शब्द न बोललेली, मान खाली घालून बसलेली करुणा ताडकन उभी राहिली आणि ओरडली. नेमका त्याच क्षणी माईक सुरू झाला. त्यामुळे तिचे ते वाक्य मांडवात, गल्लीत आणि थेट मेहकरच्या स्टँडपर्यंत गेले, आणि ते ऐकून आबाजी इतके हसले की त्यांनी स्वतःच्या हाताने मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकले आणि अंगठीची डबी उघडली:

"ओ ताई, कायलेच हात नोका लावू! पहिले मले अंगठी घालू द्या!"